तुम्ही बदललेला शेवट

अंबादास सर, तुमच्या शोकसभेत मी खोटं बोललो.

कॉलेजच्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते, तुमच्या फोटोला हार घातलेला होता, पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. मी माईकसमोर उभा राहून म्हणालो, "सरांनी इंग्रजी कथांचं जे मराठी भाषांतर केलं, ते शब्द न् शब्द वाचण्याचं भाग्य एकट्या मला लाभलं." लोकांनी माना डोलावल्या. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मीही गहिवरल्यासारखा थांबलो. पण ते दुःख नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या हातात दिलेल्या त्या भाषांतराचं पहिलं पानसुद्धा मी उलटलं नव्हतं.

सभा संपल्यावर वहिनी जवळ आल्या. म्हणाल्या, "तुमी येवढं वाचलाव, तर प्रस्तावना तुमीच लिवा की. छापू म्हणतीय पोरगी." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? म्हणून प्रस्तावना लिहायला बसलो, आणि ती होईना. तुम्ही जाऊन अकरा दिवस झालेत आणि मी प्रस्तावनेच्या कागदावर तुम्हालाच लिहीत बसलोय. इतक्या वर्षांत कधी चार ओळींची चिठ्ठी लिहिली नाही तुम्हाला. आता पोचणार नाही याची खात्री आहे, तर हात चालतोय.

मंगळवेढ्याहून मी या कॉलेजात लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला "मालदांडी" म्हणालात. आमच्याकडच्या ज्वारीचं नाव. स्टाफरूममध्ये सगळे हसले. त्यांना वाटलं तुम्ही माझी चेष्टा करताय, आणि करतच होतात. पण मधल्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा माझ्या भाकरीवर पहिला हात तुमचाच पडला. पहिल्या आठवड्यात मी वर्गात घाबरून तासाचं इंग्रजी वीस मिनिटांत उरकलं, तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसला होतात. मला वाटलं आता माझी शोभा. बाहेर आल्यावर म्हणालात, "तुझं इंग्रजी भाकरीसारखं हाय. कडेला तुटतंय, पण पोट भरतंय. पोरांस्नी हेच पायजे. फक्त जरा दमानं वाढ." त्या एका वाक्यावर मी सव्वीस वर्षं नोकरी केली, सर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी दखनी उर्दू आणि वर्गात इंग्रजी. चार भाषांत तुम्ही सहज फिरायचात आणि चारही ठिकाणी आपण पाहुणे आहोत असं तुम्हाला वाटायचं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातून इंग्रजीचा प्राध्यापक झालेला माणूस, कुणी जरा जाड मराठी शब्द वापरला की गप्प व्हायचा. मला एकच भाषा नीट येत होती, तीही आयती मिळालेली. तरी मराठीवर मत द्यायचा अधिकार माझा, असं आपण दोघंही का कोण जाणे धरून चाललो होतो.

आपण वर्षानुवर्षं त्याच कथा शिकवल्या. साहेबाच्या त्या जुन्या नामांकित कथा. शेकोटीजवळ आरामखुर्ची, बाहेर धुकं, घरात मोठं घड्याळ, एक दिवस उशिरा पोचलेलं पत्र. त्रेचाळीस डिग्रीत घामाघूम झालेल्या पोरांना शेकोटीची ऊब समजावून सांगताना तुम्ही स्वतःच हसत सुटायचात. गाईडात प्रत्येक कथेखाली विषय दिलेले असायचे, किराणा मालाच्या यादीसारखे: माणसाचा लोभ, माणसाचा अहंकार, नियतीचा खेळ. आणि खाली दहा मार्कांचा तो ठरलेला प्रश्न, या कथेतील उपरोध स्पष्ट करा. पोरं तो पाठ करून यायची. तुम्हाला ते बघवायचं नाही. म्हणून तुम्ही कथा शेवटच्या पानाआधी थांबवायचात, पुस्तक मिटायचात आणि म्हणायचात, आता पुढचं तुमी लिवा. सिलॅबस पुरा होत नाही म्हणून प्राचार्यांकडून बोलणी खायचात ती वेगळी.

ती दुधनी गावची मुलगी आठवते का? घरी कानडी बोलणारी. बिचारीनं आपला शेवट लिहून दिल्यावर तिला पुस्तकातला शेवट वाचून दाखवलात, त्यातला उपरोध समजावून सांगितलात, तर ती उठून म्हणाली, "सर, ह्यात येगळं काय हाय? आमच्याकडं रोजच असं होतंय की." तुम्ही तास सोडून स्टाफरूममध्ये आलात आणि मला म्हणालात, "मालदांडी, आज मला पोरीनं नापास केलं." दिवसभर तेच सांगत होतात, जो भेटेल त्याला. मला त्याचा थोडा रागच आला होता. माझ्या वर्गात कुणी कधी असं काही म्हणालं नव्हतं.

आपलं खरं भांडण मात्र घंटावाल्यावरून. या कथेसाठी आपण किती कप चहा गार केला असेल, देव जाणे. हे लिखाण दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्लंडातलं एक लहान खेडं. तिथल्या चर्चची घंटा ओढणारा म्हातारा हळूहळू बहिरा होतो. पुढे घंटेला तडा जातो, ती उतरवावी लागते. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून गावकरी दोराला वर मनोऱ्यात वाळूचं पोतं बांधून ठेवतात. म्हातारा रोज सकाळी दोर ओढतो. पोतं वरखाली होतं, आवाज होत नाही. गाव मात्र त्याला हातवारे करून सांगतं, आज काय सुरेख वाजली! तो खूश. असा तो अनेक वर्षं बिनआवाजाची घंटा वाजवतो आणि त्याच अभिमानात मरतो. त्याच्या अंत्ययात्रेला घंटा वाजत नाही, कारण ती नसतेच. संपली कथा.

मी म्हणायचो, उपरोध म्हणजे हाच. त्याला माहीत नाही, गावाला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. लेखकानं कळ अशी लावलीय की शेवटी बरोबर टोचते. तुम्ही मान हलवायचात. तुमचं म्हणणं, "लेखकानं उभ्या जन्मात दोर ओढलेला न्हाय." तुमच्या वडिलांचे कान यंत्रमागाच्या खडखडाटानं गेले होते. पण मागावर नुसता हात ठेवून ते सांगायचे, धागा कुठं तुटलाय. "घंटा हाताला परत ओढती," तुम्ही म्हणायचात. "पोतं ओढत न्हाय. चाळीस वर्षं दोर धरलेल्या माणसाच्या हाताला पहिल्या दिवशी कळणार. कामगार बहिरा झाला म्हणजे बिनडोक झाला, असं ह्या साहेबाला वाटतंय. तुझा उपरोध त्या गैरसमजावर उभा हाय." मी म्हणायचो, सर, कथेत तसं लिहिलेलं नाही. परीक्षेत पोरांनी काय लिहायचं? तुम्ही म्हणायचात, "परीक्षा सोड. तुला काय वाटतं ते सांग." आणि मी घड्याळ बघायचो. माझा तास असायचा, किंवा नसायचा.

मग तुम्ही भाषांतर केलंत. दोन वर्षं खपून, कुणाला न सांगता, त्या सगळ्या कथा मराठीत उतरवल्या. फुलस्केपच्या वह्या स्वतःजवळ ठेवल्यात आणि झेरॉक्स काढून, स्पायरल घालून मला आणून दिलीत. पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून काढून. स्टाफरूममध्ये नको म्हणालात. "मराठी कसं हाय तेवढं बघ. तेलुगू डोकावतंय का, ते सांग. बाकी काय न्हाय." पन्नाशी उलटून गेलेला माणूस, आणि चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा. मी म्हणालो, आठ दिवसांत वाचतो.

आठ दिवसांचे सहा महिने झाले. कॉलेजच्या नॅक तपासणीची कामं होती, मुलाचं अ‍ॅडमिशन होतं, कारणांना काय तोटा. पण सर, आज खोटं बोलण्यात काही मिळकत नाही. मी वाचलं नाही कारण मला भीती वाटत होती. ते वाईट असेल ही भीती नव्हती. ते चांगलं असेल ही होती. मराठी माझी, आणि मी तिच्यात आयुष्यभर रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नाही. आणि हा तेलुगू घरातला माणूस दोन वह्या भरून घेऊन आला होता. जळत होतो मी. हे लिहायला माझी साठी जवळ यावी लागली आणि तुम्हाला मरावं लागलं.

मग एका दुपारी तुम्ही चहाचा कप हातात घेऊन विचारलंत, "काय मालदांडी, झालं का?" मी म्हणालो, "झालं की सर. फार सुंदर. विशेषतः घंटावाल्याची कथा. शेवट अगदी मुळाबरहुकूम उतरलाय." एवढं तपशीलवार खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं छान म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला पुरावा द्यायची खाज असतेच. तुम्ही चष्मा काढलात, रुमालानं पुसलात, परत घातलात. म्हणालात, "बरं झालं." आणि शिपायाला हाक मारून माझ्यासाठी अजून एक चहा सांगितलात. त्यानंतर त्या भाषांतराचा विषय तुम्ही कधी काढला नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी ती स्पायरल शोधून काढली. माळ्यावर, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होती. प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडून चिकटलं होतं. दुपारी जेवून बसलो, वाटलं चाळून होईल, प्रस्तावनेपुरतं काही सापडेल. दोन दिवस उठलो नाही.

तुम्ही माझ्या प्रतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, सर. फक्त माझ्या प्रतीवर. वहिनींकडच्या मूळ वह्या नंतर पाहिल्या, त्यांत एक अक्षर नाही. समासात, बारीक, तुमच्या त्या तिरक्या हस्ताक्षरात. "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" "हे वाक्य तीनदा मोडलं, बघ बसतंय का." "इथे मी घाबरलोय." एका जागी नुसतंच "मालदांडी, हस की." आणि घंटावाल्याच्या कथेच्या शेवटच्या पानावर, खाली रेघ ओढून, "मुळात असं नाही, मला ठाऊक आहे. इथे भांडायचं आहे. ये."

तुम्ही शेवट बदलला होता. तुमच्या मराठीत म्हातारा पहिल्याच दिवशी दोर ओढतो आणि हात थांबतो. दोर हाताला परत ओढत नाही. तो वर बघतो. मग बाहेर येतो, तर सगळं गाव उभं, हातवारे करून सांगतंय, सुरेख वाजली म्हणून. आणि त्याला दिसतं की आपण केवढे दयाळू आहोत याचा या लोकांना किती आनंद झालाय. तो आनंद तो मोडत नाही. हसतो, टोपी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोर ओढायला जातो. मरेपर्यंत जातो. त्याला माहीत आहे हे गावाला कधीच कळत नाही.

ही कथा मी वीस वर्षं शिकवली. वाचली असती तर तो शेवट माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. आणि मी तुमच्या तोंडावर म्हणालो होतो, मुळाबरहुकूम. म्हणजे चष्मा पुसलात तेवढ्या वेळात तुम्हाला सगळं कळलं होतं. मला चांगुलपणाचं समाधान मिळू दिलंत, वर चहा पाजलात. नंतर निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं रोज समोर बसलात, माझ्या डब्यातली भाकरी मोडून खाल्लीत, माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात अक्षता टाकायला आलात. एकदाही टोमणा नाही. एवढ्या मोठ्या मनाचं मी काय करू? शिव्या घातल्या असत्यात तर आज मला रडता तरी आलं असतं.

तरी भांडतो आता. तुम्ही ये म्हणाला होतात, आलोय, सहा वर्षं उशिरा. तुमचा शेवट मला पटलेला नाही, सर. शेवट सुंदर आहे, पण तो तुमच्यासारख्यांपुरता खरा आहे. हाताला कळतं म्हणता. ज्याच्या हातात काम असतं त्याच्या हाताला कळत असेल. मी पण रोज वर्गात उभा राहिलो, गाईडातले विषय फळ्यावर लिहिले, पोरांनी उतरवून घेतले, आणि मला वाटत राहिलं की काहीतरी वाजतंय. समोरचे सगळे सांभाळून घेत होते. तुम्हीही. मला शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबानं लिहिला तसा माणूस खरोखर असतो, सर. मी आहे. तुमच्यावर मात करायला मला एवढा एकच मुद्दा सापडला, आणि ऐकायला तुम्ही नाही.

दुसरं सांगायचं म्हणजे आता त्या कथाही अभ्यासक्रमात नाहीत. यंदा घंटावाल्याच्या जागी मुलाखत कशी द्यावी हे शिकवायचं आहे. इंग्रजी स्पेशलला सहा पोरं आहेत, त्यातली दोन येतात. पुस्तक छापलं तर कोण वाचेल, मला माहीत नाही. ज्याच्यासाठी तुम्ही लिहिलं होतं त्या एका माणसानंच वाचलं नाही, तर बाकीच्यांना काय नावं ठेवू? माणूस गेल्यावर त्याचं काम उरतं वगैरे मी शोकसभेत बोललो. ते मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. काम उरलंय ते माझ्या टेबलावर, आणि त्यानं काहीही भरून येत नाही.

आज सकाळी वहिनींकडे गेलो. म्हटलं, निदान त्यांना तरी खरं सांगावं आणि प्रस्तावना दुसऱ्या कुणाकडून घ्या म्हणावं. त्या ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी चप्पल काढता काढताच बोलून टाकलं, "वहिनी, मी सभेत खोटं बोललो. सर असेपर्यंत मी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी वाचलं म्हणलाव, त्याच दिवशी तेनी घरी येऊन सांगितले. मी चिडले. तर म्हणले, तू त्याला काय बी इचारू नको. तोंड बारीक हुईल त्याचं."

"मग सभेत माझं बोलणं तुम्ही ऐकून घेतलंत?"

"चारचौघात काय बोलायचं वो. आणि तुमी बरं बोललाव की. तेनी असते तर हसले असते."

मी खाली फरशीवर बसलो. त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पदरानं हात पुसले. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "आता तरी वाचलाव न्हवं?"

"वाचलं. सगळं. दोनदा."

"मग सांगा की. मराठी कसं हाय?"

शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तसा मी घाबरलो. म्हणालो, "वहिनी, कुठंसुद्धा अडखळलो नाही. आमच्या आईनं बोलावं तसं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे."

त्यांनी मान हलवली. डोळे कोरडेच होते. एवढ्या दिवसांत बहुतेक संपलं असेल सगळं.

"येवढंच की," त्या म्हणाल्या. "येवढंच ऐकायचं हुतं त्यास्नी. तुमी वाचलं न्हाय म्हाईत हुतं, तरी बी वाटायचं, कवा तरी वाचतील, भांडायला येतील. दवाखान्यात सुदा फोन वाजला की इचारायचे, मालदांडीचा हाय का."